बांग रकाम : पुराशीं करार करणारा नदीकांठ

नदीकांठची जमीन ज्यानें घेतली त्यानें तिच्याबरोबर नदीचा स्वभावहि घेतला, हें अनुभवी शेतकऱ्यास सांगावयास नको. गाळाची कसदार माती, उन्हाळ्यांतहि टिकणारी ओल आणि विहिरीस हाताशीं असलेलें पाणी हे लाभ जी नदी देते, तीच चार-दोन वर्षांआड उभें पीक घेऊन जाते. अशा वेळीं सामान्यतः दोनच मार्ग सुचतात. एक, बांध घालून नदीस अडवावें. दुसरा, दैवास बोल लावून स्वस्थ बसावें. परंतु या दोहोंखेरीज तिसराहि एक मार्ग आहे, आणि एका मुलुखांतील शेतकऱ्यांनीं तो प्रत्यक्ष आचरून पाहिला आहे. पूर्वीं सयाम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व १९३९ सालीं थायलंड हें नांव धारण केलेल्या देशांतील बांग रकाम हा तो मुलूख होय. तेथील भूगोल, इतिहास आणि अलीकडील व्यवहार आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे; कारण त्यांत नदीकांठच्या कोणाहि जमीनधारकास टाळतां न येणारा एक प्रश्न गुंतलेला आहे. शहरें वांचविण्यासाठीं पूर शेतांत घ्यावयाचा असेल, तर त्याचा मोबदला काय, आणि तो कोणी द्यावयाचा?

मुलुखाची ठेवण

थायलंडांत प्रांताच्या पोटांत अंफो म्हणजे तालुका, तालुक्याच्या पोटांत तांबोन, आणि तांबोनांत मुबान म्हणजे खेडीं, अशी रचना आहे. तांबोन हा आपल्याकडील पांच-पंचवीस गांवांच्या गटासारखा समजावा. बांग रकाम हें नांव तालुक्याचें आहे, आणि त्या तालुक्याच्या ११ तांबोनांपैकीं मुख्य तांबोनाचेंहि आहे. यम नदीच्या कांठीं वसलेला हा भाग फित्सानुलोक प्रांतांत मोडतो. फित्सानुलोक म्हणजे आपला ‘विष्णुलोक’. वायव्येस सुखोथाई म्हणजे ‘सुखोदय’, दक्षिणेस फिचित म्हणजे ‘विचित्र’, आणि त्याहून खालीं नाखोन सावन म्हणजे ‘स्वर्गनगर’. संस्कृत नांवांची ही ओळ नकाशावर वाचतांना मराठी वाचकास परक्या देशांत ओळखीचीं माणसें भेटल्यासारखें वाटेल.

खुद्द बांग रकाम हें नांव मात्र अस्सल थाई आहे. ‘बांग’ म्हणजे पाण्याकांठची वस्ती, आणि ‘रकाम’ हें दलदलीच्या जागीं वाढणाऱ्या एका कांटेरी ताडवर्गीय झाडाचें नांव. त्याचीं फळें आंबट असतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दुःख, हालअपेष्टा असाहि होतो. ज्या वर्षीं पाणी महिनोन्महिने हटत नाहीं, त्या वर्षीं हा दुसरा अर्थच खरा ठरतो.

यम नदी उत्तरेकडील फायाओ प्रांताच्या डोंगरांत उगम पावते आणि फ्रे, सुखोथाई, फित्सानुलोक व फिचित या प्रांतांतून सुमारें ७०० किलोमीटर वाहत येऊन नाखोन सावन प्रांतांत नान नदीस मिळते. पुढें नान आणि पिंग यांचा संगम होऊन चाओ फ्राया ही महानदी बनते, आणि ती अयुथया (अयोध्या) व बँकॉक या शहरांवरून समुद्रास जाते. यम नदीचें विशेष हें कीं, डोंगरांतून उतरतांना तिचें पात्र रुंद व खोल असतें, परंतु सुखोथाईच्या मैदानांत आल्यावर तें मोठें होण्याऐवजीं अरुंद होत जातें. वरून येणारें पाणी अधिक आणि वाहून नेण्याची जागा कमी, अशी अवस्था झाल्यावर पाणी कांठ सोडून दोहों बाजूंच्या सखल रानांत पसरतें. पूर्वेस नान आणि पश्चिमेस यम अशा दोन नद्यांच्या खोऱ्यांत बांग रकामचा पट्टा बशीसारखा खोलगट आहे. सुखोथाईकडून आलेलें पाणी येथें थांबतें, आणि खालीं चाओ फ्राया भरलेली असली कीं तें पुढें सरकतहि नाहीं. ऑगस्टांत चढलेलें पाणी नोव्हेंबरापर्यंत शेतांत उभें राहणें ही येथील जुनीच रीत आहे. गांवांतील घरें उंच खांबांवर कां बांधलीं, याचा उलगडा यावरूनच होतो.

जुना धारा

हा मुलूख आडरान नव्हे. अयुथयाचा राजा बोरोम्मत्रैलोकनाथ यानें १४६३ सालीं आपली राजधानी फित्सानुलोक येथें आणली, आणि १४८८ पर्यंत राज्याचा कारभार येथूनच चालला. परंतु लढाया, राजे व राजधान्या येऊन गेल्या तरी शेतकऱ्याचा खरा इतिहास भाताच्या बाजारानें घडविला. १८५५ सालीं इंग्रजांशीं झालेल्या बाउरिंगच्या तहानें सयामचें भात परदेशीं जाऊं लागलें, आणि पोटापुरतें पिकविणारा शेतकरी विक्रीसाठीं पिकवूं लागला. प्रथम होड्यांतून, आणि १९०८ सालीं उत्तरेकडील लोहमार्ग फित्सानुलोकास पोंचल्यावर आगगाडीनेंहि, माल बँकॉककडे जाऊं लागला. त्याच सुमारास राजपुत्र दामरोंग यांच्या हाताखालीं देशाच्या कारभाराची नवी घडी बसली. १८९७ च्या आणि पुढें १९१४ च्या कायद्यानें खेड्यास मुखिया व तांबोनास ‘कामनान’ हा प्रमुख ठरवून दिला. आपल्या पाटलाचें स्मरण करून देणारा हा अधिकारी गांवकऱ्यांमधूनच येई. १९९४ च्या कायद्यानें तांबोनास स्वतःची निवडलेली स्थानिक संस्था व अंदाजपत्रकहि मिळालें. हा तपशील येथें देण्याचें कारण असें कीं, पुढें ज्या कराराचा आम्ही उल्लेख करणार आहों, तो शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणारा दुवा हाच आहे. गांवचा मुखिया आणि कामनान यांनीं बैठक भरविल्याखेरीज हजारों खातेदारांचीं शेतें एकाच वेळीं पेरलीं जाणें शक्य नाहीं.

शेती कशी होती, हें पाहूं. पहिल्या पावसाबरोबर एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या रानांत भात फोकून पेरीत. या भाताच्या जाती आमच्याकडील गरव्या जातींहूनहि लांब मुदतीच्या होत्या, आणि त्यांचा गुण अलौकिक होता. पाणी जसजसें चढेल तसतसा त्यांचा पोकळ दांडा लांबत जाई, आणि शेंडा नेहमीं पाण्याच्या वर राही. अशा खोल पाण्याच्या जाती अनुकूल स्थितींत एका दिवसांत वीतभराहून अधिक वाढल्याच्या नोंदी आहेत. याचें कारण आतां शास्त्रज्ञांनीं उलगडलें आहे. पाण्याखालीं गेलेल्या दांड्यांत एथिलीन नांवाचा वायु कोंडतो, आणि तो वाढीस चालना देतो. या गुणाचे वाहक असे दोन जनुकहि जपानी संशोधकांनीं २००९ सालीं ओळखून काढले. पाणी उतरलें कीं हें लांबलचक पीक आडवें पडे, त्याचीं टोकें वर वळत, आणि डिसेंबर-जानेवारींत कोरड्या शेतांत विळ्यानें कापणी होई. उत्पन्न थोडें, पण खतास व निंदणीस पैसा जवळजवळ नाहीं. आणि पुराबरोबर खाचरांत आलेली मासळी हें दुसरें पीक. ती खारवून, वाळवून वर्षभराची बेगमी होत असे. शेजारच्या कोंग क्राइलात तालुक्यांतील लहान माशांचें आंबवण तर आजहि प्रसिद्ध आहे.

तात्पर्य, जुन्या शेतकऱ्यास पूर हें संकट नव्हतें, तो त्याच्या हंगामाचा एक भाग होता. अति वेगानें चढलेलें पाणी जुन्या भातासहि बुडवीत असे, हें खरें. परंतु साधारण वर्षीं नदी आणि भात एकमेकांचा मान राखून वागत.

भात ठेंगणें झालें

ही घडी गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत मोडली, आणि ती मोडण्याचीं कारणें चांगल्या हेतूनेंच निर्माण झालीं. १९६९ सालीं थायलंडांत ‘आर डी १’ ही ठेंगणी, भरघोस उत्पन्नाची पहिली जात प्रसृत झाली. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं नान नदीवर सिरिकित हें प्रचंड धरण उभें राहिलें. त्याचा साठा ९५१ कोटी घनमीटर आहे. त्याच्या खालीं फित्सानुलोक प्रांतांत नरेसुआन बंधारा बांधून त्याच्या उजव्या बाजूनें यम नदीकडील रानांस कालवे काढण्यांत आले. पूर्वीं ज्या शेतांत वर्षास एक गरवें पीक निघे, तेथें आतां तीन-चार महिन्यांत तयार होणारें हळवें भात वर्षांतून दोनदां, कोठें कोठें त्याहूनहि अधिक वेळां, निघूं लागलें. शेतकऱ्याच्या घरीं पैसा आला. त्याबरोबर ट्रॅक्टर, खत, औषधें आणि कर्जहि आलें.

परंतु या ठेंगण्या भातास पाण्याबरोबर वाढतां येत नाहीं. तें गुडघा-मांडीइतकें उंच. आणि नदी मात्र पूर्वींप्रमाणेंच छातीइतकी येते. सिरिकित धरणानें नान नदीस आवरलें, पण यम नदीवर असें मोठें धरण नाहीं. चाओ फ्रायास मिळणाऱ्या चार प्रमुख उपनद्यांपैकीं एवढी एकच मोकळी राहिली आहे. म्हणजे कालव्यानें नान नदीचें पाणी उन्हाळ्यांत आणलें, आणि पावसाळ्यांत पूर्वींचीच यम शेतांत घुसली. जूनमध्यें लावलेलें दुसरें भात ओंबीवर येतें न येतें तोंच ऑगस्टचा पूर येई, आणि कर्ज काढून उभें केलेलें पीक पाण्याखालीं कुजे. पूर वाढला, असें तेव्हां सर्व म्हणूं लागले. कोठें सडका, कोठें भराव, कोठें बांध यांनीं पाण्याच्या वाटा अडल्या, हेंहि खरें आहे. परंतु मुख्य गोष्ट निराळी होती. पीक ठेंगणें झालें आणि चुकीच्या महिन्यांत उभें राहूं लागलें.

या दुःखाची परमावधि २०११ सालीं झाली. त्या वर्षीं जुलैअखेरीच्या ‘नॉक-टेन’ वादळापासून पाऊस थांबेना. उत्तरेकडून सुरू झालेला पूर बँकॉकच्या सीमेपर्यंत गेला, देशांत आठशेंहून अधिक माणसें दगावलीं, आणि नुकसानीचा जागतिक बँकेचा अंदाज सुमारें १,४२,५०० कोटी बाटचा होता. बांग रकाम हें आधीं बुडालेल्या आणि पुष्कळ उशिरां वर आलेल्या भागांपैकीं एक होतें. त्या ऑगस्टांत नव्यानेंच पंतप्रधान झालेल्या यिंगलक शिनावात्रा तेथें गेल्या, आणि पूरनिवारणाच्या कामास त्यांनीं ‘बांग रकाम नमुना’ असें नांव दिलें. तळीं खोल करणें, दरवाजे बसविणें, खात्यांचा मेळ घालणें असें त्याचें प्रथमचें स्वरूप होतें. खरा फेरफार पुढें सहा वर्षांनीं झाला.

पंचांग बदललें

२०१७ सालीं पाटबंधारे खात्यानें या पट्ट्यांतील शेतकऱ्यांशीं एक साधा करार केला. खात्यानें नान नदीचें पाणी १ एप्रिलपासून कालव्यानें सोडावयाचें. शेतकऱ्यांनीं सर्वांनीं एकदमच भात लावावयाचें. जुलैअखेर, फार तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत कापणी उरकावयाची. आणि त्यानंतर रिकाम्या झालेल्या खाचरांत यम नदीचा पूर खुशाल घ्यावयाचा. नोव्हेंबरापासून पाणी हळूहळू सोडून द्यावयाचें, आणि कांहीं पुढच्या पिकाच्या मशागतीसाठीं राखावयाचें. मधल्या काळांत पाण्यांत मत्स्यबीज सोडून शेतकऱ्यांनीं मासेमारी करावयाची.

पहिल्या वर्षीं या योजनेंत २,६५,००० राय जमीन होती. एक राय म्हणजे १,६०० चौरस मीटर. तेव्हां हें क्षेत्र सुमारें १,०५,००० एकर झालें. त्यावर साठविण्याच्या पाण्याचा अंदाज ४० कोटी घनमीटर होता. वाचकांनीं स्वतः भागाकार करून पाहावा; शेतांत सरासरी तीन फूट पाणी उभें राहतें. सिरिकितसारख्या महाधरणाच्या साठ्याचा हा साधारण चोविसावा हिस्सा. आणि तो एकहि नवी भिंत न बांधतां, एकहि गांव न उठवितां मिळाला. २०१८ सालीं क्षेत्र ३,८२,००० रायपर्यंत व साठा ५५ कोटी घनमीटरपर्यंत वाढविण्यांत आला. हाच उपाय खालच्या चाओ फ्रायाच्या कांठींहि, सुमारें साडेअकरा लक्ष राय सखल रानास, लावण्यांत आला.

या गोष्टीचें महत्त्व यम नदीवरील धरणाच्या वादाकडे पाहिलें म्हणजे अधिक ध्यानांत येतें. फ्रे प्रांतांत केंग सुआ तेन येथें मोठें धरण बांधावें, ही मागणी कित्येक दशकें चालू आहे. खालचे पूरग्रस्त तें मागतात. वरच्या सा-इआब तांबोनांतील गांवकरी आपलीं घरें आणि सागाचें जंगल बुडेल म्हणून त्यास विरोध करतात. एका कांठाचें तारण तें दुसऱ्या कांठाचें मरण, असा हा पेंच आहे. बांग रकामच्या शेतकऱ्यांनीं आपलें पंचांग दोन महिने मागें ओढून या पेंचांतून निदान कांहीं अंशानें वाट काढली.

आमचें मत

आतां या व्यवहाराची किंमत करूं. पिकाचा हंगाम पुराच्या आधीं सरकविणें हा उपाय आमच्या मतें उत्तम आहे. बांध फुटतो, पण खळ्यांत येऊन पडलेलें धान्य पूर नेऊं शकत नाहीं. तथापि या कराराचे गुण गातांना त्यांतील शेतकऱ्याची बाजू पुष्कळदां विसरली जाते. ती मांडणें हें शेतकऱ्यांच्या मासिकाचें कर्तव्य होय.

पहिली गोष्ट, हा सारा डोलारा १ एप्रिलच्या पाण्यावर उभा आहे. ज्या वर्षीं सिरिकित धरणांत साठा कमी असेल, त्या वर्षीं पाणी उशिरां येईल. पाणी उशिरां आलें कीं लावणी लांबेल. आणि लावणी लांबली कीं पीक पुन्हां पुराच्या जबड्यांत. शेतकऱ्याकडून तारीख पाळण्याची अपेक्षा असेल, तर पाणी देणारावरहि तारखेचें बंधन असलें पाहिजे. उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई पडल्यास या रानांचा हक्क पहिला मानावा. कारण पावसाळ्यांत सर्वांचें ओझें हींच रानें उचलतात.

दुसरी गोष्ट बाजाराची. लाख-दीड लाख एकरांवरचें भात जेव्हां एकाच पंधरवड्यांत, तेंहि ऐन पावसांत, कापलें जातें, तेव्हां कापणीयंत्रें मिळत नाहींत, दाणा ओला राहतो, आणि गिरणीवाला भाव पाडतो. ओल्या दाण्याची घट व्यापाऱ्याच्या तराजूवर ठरते. वाळवणीचीं यंत्रें आणि कोठारें सहकारी संस्थांच्या हातीं असल्यावांचून पुरापासून वांचविलेलें पीक बाजारांत बुडतें.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. पूरग्रस्तांस सरकारी मदत मिळते ती पीक बुडाल्याबद्दल. परंतु ज्यानें आज्ञेप्रमाणें वेळेवर कापणी करून शेत मोकळें केलें, त्याचें बुडालें काय? कागदोपत्रीं कांहींच नाहीं. तीन महिने त्याची जमीन पाण्याखालीं असते, त्या काळांत तो दुसरें पीक घेऊं शकत नाहीं, त्याच्या घरास होडीनें जावें लागतें, बांध खचतात, जनावरांस चारा उरत नाहीं. आणि हें सर्व खालचीं शहरें कोरडीं राहावींत म्हणून. गोदामास भाडें मिळतें, मग पाण्याचें गोदाम झालेल्या शेतास कां मिळूं नये? पुराचें पाणी शेतांत घेणें ही सेवा आहे, आणि सेवेचें मोल ठरलें पाहिजे. तें उपकार किंवा भिक्षा म्हणून नव्हे, तर दर एकरीं, दर महिन्यास, आगाऊ लिहून ठेवलेलें. आणि तें जमीनमालकाच्या खात्यावर जमा होऊन थांबूं नये. थायलंडच्या मध्य भागांत भाड्यानें जमीन कसणारे पुष्कळ आहेत. पाण्यांत दिवस काढणारें कूळ, आणि मोबदला घेणारा मालक, असें झाल्यास तो अन्याय होईल.

या सूचनेवर कोणी असा आक्षेप घेतील कीं, ही जमीन पूर्वीपासूनच बुडत होती, मग आतां पैसे कसले? त्यास उत्तर असें कीं, पूर्वीं नदी आपण होऊन येत असे. आतां दरवाजे उघडून ती शेतांत घेतली जाते. दरवाजा कोणत्या दिवशीं, किती हात उघडावयाचा हें ज्याच्या हातीं, त्याच्यावर जबाबदारीहि येते. दैवाशीं हिशेब करतां येत नाहीं, परंतु दरवाजाच्या चाकावर हात ठेवणाराशीं करतां येतो.

मासळीविषयींहि दोन शब्द. पुराच्या महिन्यांत मासेमारीवर गुजराण होते हें खरें. पण तिचा लाभ जाळें, होडी आणि अंगांत बळ असणारास. म्हाताऱ्या विधवेच्या चार एकरांवरील मासे दुसराच धरतो. तेव्हां मासळी हा मोबदल्याचा पर्याय नव्हे, त्यावरची भर आहे.

आमच्या वाचकांनीं हा उपाय जसाच्या तसा उचलावा, असें आम्ही सुचवीत नाहीं. तीन-चार महिन्यांत उरकणाऱ्या भातास जें साधतें, तें बारा-अठरा महिने शेतांत उभ्या राहणाऱ्या उसास साधणार नाहीं. आणि बशीसारख्या सखल रानाचा न्याय उतरत्या जमिनीस लागत नाहीं. परंतु विचाराची रीत घेण्यासारखी आहे. आपल्या नदीचें पाणी कोणत्या आठवड्यांत कांठ सोडतें, किती दिवस उभें राहतें, त्या वेळीं आपल्या शेतांत कोणतें पीक कोणत्या अवस्थेंत असतें, याची नोंद प्रत्येक नदीकांठच्या खातेदारानें वर्षानुवर्ष ठेवावी. एकट्याची नोंद ही तक्रार ठरते. साऱ्या गांवाची नोंद हा पुरावा होतो.

बांग रकामच्या शेतकऱ्यांनीं आपल्या बाजूचा करार पाळला आहे. ते वेळेवर पेरतात, वेळेवर कापतात आणि पाण्यास वाट देतात. आतां ज्यांचीं अंगणें त्यांच्यामुळें कोरडीं राहिलीं, त्यांनीं आपल्या बाजूचा करार लिहून द्यावा, एवढेंच मागणें आहे.